पावसानंतर बदललेले लक्ष्य आणि शेवटच्या चेंडूवरचा विजय : हिशेब बरोबर होता का?

प्रश्न : अनगोळचा स्कोअरर

नमस्कार. गेल्या मे महिन्यात बेळगावातील एका टेनिस चेंडूच्या स्पर्धेत आमच्या गल्लीच्या संघाने शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला. त्या सामन्याची धावपुस्तिका मीच लिहीत होतो. विजयाचा आनंद ओसरल्यावर पाने पुन्हा चाळताना जी शंका मनात आली, ती येथील जाणकारांसमोर ठेवत आहे.

सामना १२ षटकांचा होता. खानापूर तालुक्यातून आलेल्या संघाने प्रथम फलंदाजी करून ९८ धावा केल्या. त्यांच्या षटकवार धावा ४, ११, ७, १३, ९, २, ८, १२, ५, ६, १४ आणि ७ अशा होत्या. आमच्या ४ षटकांत ३ बाद ३१ झाल्या असताना वळीव कोसळला. अर्ध्या तासापूर्वी अंग भाजत होते आणि आता तांबड्या मातीचे ओघळ खेळपट्टीकडे धावत होते. ताडपत्री एकच होती, ती खेळपट्टीवर गेली. बाकी मैदानावर भाताच्या तुसाची आणि लाकडाच्या भुशाची पोती रिकामी केली. पाऊण तासाने पंचांनी आमचा डाव ८ षटकांचा केला आणि छापील नियमाप्रमाणे सरासरी धावगतीने ६६ धावांचे लक्ष्य दिले. ९८ ला १२ ने भागून ८ ने गुणले की ६५.३३ येतात, म्हणून ६६. म्हणजे उरलेल्या २४ चेंडूंत ३५ धावा.

शेवटच्या षटकात ९ आणि शेवटच्या चेंडूवर २ हव्या होत्या. सात गडी बाद झाले होते. आमच्या नवव्या क्रमांकाच्या फलंदाजाने मिडविकेटच्या डोक्यावरून चेंडू उचलला. कोरड्या मैदानावर तो नक्कीच चौकार होता, परंतु फक्कीची रेषा जेथे वाहून गेली होती आणि तिच्या जागी विटा मांडल्या होत्या, तेथून दोन हात अलीकडे तो डबक्यात बसला. क्षेत्ररक्षकाने तो उचलून फेकायला हात मागे नेला आणि चेंडू त्याच्या मुठीतून निसटून त्याच्याच पायाशी पडला. तेवढ्यात दोन धावा पूर्ण झाल्या.

शंका अशी की, पावसाआधी आम्हाला ४८ चेंडूंत ६८ हव्या होत्या आणि पावसानंतर २४ चेंडूंत ३५. षटकामागची गरज साडेआठवरून पावणेनऊवर गेली, म्हणजे जवळजवळ तीच राहिली. परंतु जे सात गडी आम्हाला आठ षटके पुरवायचे होते, ते चार षटकांतच उधळायला मिळाले. मग हा विजय आमचा की भागाकाराचा? आणि पुढच्या मोसमाच्या पत्रकावर कोणता नियम छापावा?

उत्तर १ : शहापूरचा निवृत्त पंच

आधी निकालाचे सांगतो. नियम छापील होता आणि नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना ठाऊक होता. सामन्याअखेर पंचांनी स्कोअररांबरोबर धावसंख्या पडताळून मान्य केली की त्यानंतर निकाल बदलता येत नाही, असे क्रिकेटच्या सोळाव्या नियमातच म्हटले आहे. डबक्यात थांबल्याने चेंडू मृत होत नाही, त्यामुळे त्या दोन धावाही शुद्ध आहेत.

आता न्यायाचे. आपली शंका रास्त आहे. सरासरी धावगतीची पद्धत पाठलाग करणाऱ्याला झुकते माप देते, कारण ती गडी मोजतच नाही. म्हणूनच ती मागे पडली आणि सर्वाधिक धावांच्या षटकांची पद्धत आली, जी दुसऱ्या टोकाला गेली. आपल्याच आकड्यांवर ती लावून पाहा. पावसात आपली चार षटके गेली, म्हणून समोरच्या डावातली सर्वांत कमी, म्हणजे २, ४, ५ आणि ६ धावांची चार षटके वगळली की उरलेल्या आठ षटकांच्या ८१ धावा होतात, म्हणजे लक्ष्य ८२ आणि आपल्याला २४ चेंडूंत ५१! ज्या गोलंदाजाने दोनच धावांचे षटक टाकले, तो नेमका आपलाच. त्याने नीट गोलंदाजी केली म्हणून त्याच्याच संघाला शिक्षा. १९९२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सिडनीला दक्षिण आफ्रिकेचे हेच झाले. १३ चेंडूंत २२ हव्या असताना पाऊस आला आणि परतल्यावर फलकावर १ चेंडूत २२ झळकल्या. प्रत्यक्षात २१ हव्या होत्या, पण त्याने काय फरक पडणार होता?

उत्तर २ : खानापूरकडचा खेळाडू

मी समोरच्या संघातून खेळत होतो, त्यामुळे माझे म्हणणे एकतर्फी वाटल्यास क्षमा असावी. लक्ष्य ६६ होते की ७२, याचे आम्हाला तेवढे दुःख नाही. आमचे दुःख गोलंदाजाचे आहे. १२ षटकांच्या सामन्यात दोघांना तीन-तीन आणि तिघांना दोन-दोन षटके टाकता येत होती. आमच्या डावखुऱ्याने पावसाआधी दोन षटकांत ६ धावा देऊन दोन बळी घेतले होते आणि त्याचे एक षटक आम्ही शेवटासाठी राखून ठेवले होते. डाव ८ षटकांचा होताच मर्यादा तिघांना दोन आणि दोघांना एक अशी झाली आणि तो नुसता लाँग ऑनला क्षेत्ररक्षणासाठी उभा राहिला. शेवटचे षटक टाकणारा आमचा गडी एरवी यष्टिरक्षण करतो.

शिवाय भिजलेला टेनिस चेंडू ज्याने टाकला आहे, त्यालाच त्याची कल्पना येईल. वरची लव पाणी पिते, चेंडू जड होतो, बोटांत धरत नाही आणि कटर, म्हणजे टप्पा पडल्यावर वळणारा चेंडू, टाकावा तर सरळ जातो. फलंदाजांनाही त्रास होतो हे मान्य. आपला तो फटका अडला हेही खरे. परंतु निसटलेली फेक ज्याच्या हातून झाली, तो माझा धाकटा भाऊ आहे आणि त्याला अजून घरात कोणी सुखाने जेवू देत नाही.

उत्तर ३ : निपाणीचा गणित शिक्षक

गोलंदाजांची मर्यादा षटकांच्या एक पंचमांश हा मोठ्या सामन्यांतलाही नियम आहे, त्यामुळे पंचांचे चुकले असे म्हणता येणार नाही. मात्र मर्यादा कमी होण्यापूर्वी टाकून झालेल्या षटकांचे काय, हे स्थानिक पत्रकात स्पष्ट लिहावे.

लक्ष्यासाठी डकवर्थ आणि लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी काढलेल्या पद्धतीचा गाभा समजून घ्या. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथील सामन्यात ती प्रथम वापरली गेली; पुढे २०१४ पासून, तिच्यात सुधारणा करणाऱ्या स्टर्न यांचेही नाव तिला जोडले गेले. उरलेली षटके आणि हातातले गडी मिळून संघाची साधनसंपत्ती ठरते, असे ती मानते. जुन्या छापील तक्त्यात ५० षटके आणि दहा गडी म्हणजे १०० टक्के. तर २० षटके आणि दहा गडी म्हणजे ४० टक्के नव्हे, ५६.६ टक्के. कारण षटके कमी असली की प्रत्येक चेंडूवर अधिक धोका पत्करता येतो. आपल्या सात गड्यांचे गूढ येथे उलगडते. केरळचे अभियंता जयदेवन यांनीही आपली स्वतंत्र पद्धत मांडली आहे, परंतु गल्लीच्या स्पर्धेसाठी छापील तक्ता पुरे.

एक बारीक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटली. शेवटच्या चेंडूवर एकच धाव झाली असती तर ६५ झाल्या असत्या. लक्ष्य ६६ म्हणून सामना बरोबरीत, असे काहींनी म्हटले असते, सरासरी ६५.३३ पेक्षा कमी म्हणून पराभव, असे इतरांनी. आपल्या पत्रकात याचे उत्तर होते का?

प्रश्नकर्ता : अनगोळचा स्कोअरर

पत्रक आत्ता पुन्हा वाचले. बरोबरीबद्दल त्यात एक अक्षरही नाही. त्या दिवशी दोन धावा झाल्या म्हणून आम्ही सगळे वाचलो. एक झाली असती तर विटांची सीमारेषा तरी जागेवर राहिली असती की नाही, सांगवत नाही.

पंचसाहेबांचे आणि गुरुजींचे आभार. आयोजकांपुढे तीन सूचना ठेवणार आहे : लक्ष्यासाठी छापील तक्ता, पावसाआधीची षटके टाकलेल्या गोलंदाजासाठी वेगळे कलम आणि बरोबरीचा खुलासा. खानापूरकर बंधूंना एकच विनंती. जूनच्या पावसात मैदान तळे होण्याआधी एक मैत्रीपूर्ण सामना खेळू या, आणि त्या डावखुऱ्याला तीन षटके पूर्ण टाकू द्या. धाकट्या भावाला मात्र सीमारेषेवरच उभे करा, चहा माझ्याकडून.