हॉट रॉड डिलक्समध्ये ६एल६ बदलताना बायस किती ठेवायचा?

तारसप्तक:
फेंडर हॉट रॉड डिलक्स या गिटार अँप्लिफायरच्या दोन्ही पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या) बदलायच्या आहेत. ६एल६जीसी ट्यूबची मॅच्ड (सारखा करंट घेणारी) जोडी आणली आहे. बोर्डावर बायसचा, म्हणजे काही वाजत नसताना ट्यूब किती करंट घेते ते ठरवणाऱ्या उणे व्होल्टेजचा, ट्रिमपॉट (फिरवायचा छोटा पॉट) आणि टीपी ३० हा टेस्ट पॉइंट आहे. कंपनीच्या सर्किटवर ६० मिलिव्होल्ट लिहिलंय, पण सगळे ट्यूबच्या वॅट-मर्यादेच्या ७० टक्क्यांचं गणित सांगतात. नेमकं काय धरू? १२एएक्स७ या छोट्या प्रीअँप ट्यूब बदलल्या तर त्यांचाही बायस लावावा लागतो का?

कॅथोड:
१२एएक्स७ ला काही करायचं नसतं. त्यांचा बायस कॅथोडच्या रेझिस्टरवर आपोआप ठरतो. जुनी काढा, नवी लावा.

पॉवर ट्यूबचं तसं नाही. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतं. म्हणून आत हात घालण्याआधी मीटरने मोजा. चार्ज उरला असेल तर १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मोजताना स्पीकर जोडलेलाच हवा. चॅसिस (अँपचा धातूचा सांगाडा) बाहेर काढल्यावर स्पीकरची वायर अपुरी पडते, तेव्हा जोडवायर तयार ठेवा.

नव्या ट्यूब लगेच बसवू नका. रिकाम्या सॉकेटवर पिन ५ ला (ग्रिड, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणारी पिन) चॅसिसच्या संदर्भात किती व्होल्ट आहेत ते बघा. दोन्ही सॉकेटवर साधारण उणे ४५ ते ५० च्या आसपास, आणि एकसारखेच हवेत. एकीकडे शून्य आलं तर थांबा, कारण ग्रिडवर उणे व्होल्टेज नसेल तर ट्यूब पूर्ण करंट खेचते आणि काही सेकंदांत प्लेट लाल होते. ट्यूब लावतात त्या बाजूने पाहताना खाचेपासून पिना घड्याळाच्या उलट दिशेने मोजायच्या. इथे हमखास गफलत होते. आकडा बरोबर असेल तर पॉट फिरवून तो जास्तीत जास्त उणे करून ठेवा.

आता ट्यूब लावा, व्हॉल्यूम शून्य, इनपुटला काही नको. मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर, काळी क्लिप चॅसिसला, लाल टीपी ३० ला. पॉट हळूहळू फिरवत ६० वर आणा, १० मिनिटं गरम होऊ द्या आणि पुन्हा बघा. आकडा सरकतोच.

पुश-पुल:
वर जोडायचं एकच: टीपी ३० खालचा १ ओहमचा रेझिस्टर दोन्ही ट्यूबना मिळून आहे. म्हणजे ६० मिलिव्होल्ट हे दोघींचे मिळून ६० मिलिअँपिअर, एकीला ३०.

पिन ३ वर (प्लेट) ४२० व्होल्ट धरले तर ४२० × ०.०३० = १२.६ वॅट. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, म्हणजे ४२ टक्के. थंड आहे, पण धोक्याचं काहीच नाही. ७० टक्के म्हणजे २१ वॅट, एकीला ५० मिलिअँपिअर, मीटरवर १००. ती वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. ६८ ते ७५ मिलिव्होल्टच्या दरम्यान कानाने ठरवा. फार थंड ठेवलं तर हळू वाजवताना आवाज चिरका, तुटक येतो. फार गरम ठेवलं तर ट्यूब लवकर संपतात.

पिन ३ मोजल्याशिवाय हे गणित करू नका. घरात २३० ऐवजी २४५ व्होल्ट येत असतील तर ४२० चे ४४७ होतात. आणि ६एल६ च्या जागी ५८८१ लावली तर मर्यादा २३ वॅटच धरा.

तारसप्तक:
७० वर ठेवलं. आकडा स्थिर आहे, पण एका ट्यूबच्या प्लेटवर लालसर डाग दिसतोय.

कॅथोड:
लगेच बंद करा. बेरीज ७० आहे, पण एक ट्यूब ५५ आणि दुसरी १५ मिलिअँपिअर घेत असेल तरी मीटर ७० च दाखवणार. थंड झाल्यावर दोन्हींची अदलाबदल करा आणि डाग दिसताच पुन्हा बंद करा. डाग ट्यूबबरोबर गेला तर जोडी जुळलेली नाही, बदलून घ्या. त्याच सॉकेटवर राहिला तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचं डीसी अडवणारा) गळत असेल किंवा पिन ५ ची पकड सैल असेल. ट्यूब काढून पिन ५ पुन्हा मोजा: दुसऱ्या बाजूपेक्षा कमी उणे दिसलं तर कपॅसिटर, दोन्ही सारखे असतील तर सॉकेटची पकड.

पुश-पुल:
त्याच वेळी त्या सॉकेटचा पिन ४ वरचा ४७० ओहमचा स्क्रीन रेझिस्टरही मोजा. ट्यूब शॉर्ट झाली की आधी तोच जळतो. आणि दोन्हींचा करंट वेगळा बघायचा असेल तर सॉकेटमध्ये बसणारा बायस प्रोब घ्या. बोर्ड कापावा लागत नाही.