उंचावरच्या ड्रममधून टाकीत पाणी: व्हॉल्व्ह धड उघडत नाही, धड बंद होत नाही

खाडीकाठ, देवगड
टाकी ३ फूट बाय दीड बाय दीड, गोड्या पाण्याची. आत गप्पी मासे आणि चेरी श्रिम्प (बारीक लाल कोळंबी). मांडणीवर ५० लिटरचा ड्रम आहे, त्याचा तळ टाकीतल्या पाण्यापासून ७० सेंमी वर. दर दोन दिवसांनी १५ लिटर पाणी काढून तेवढंच विहिरीचं पाणी आपोआप भरायचं आहे. ड्रमच्या नळीवर वॉशिंग मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह लावलाय. उघडला की बारीक धार येते, बंद केला तरी थेंब थेंब गळतं. दुसरा लावून पाहिला, तेच. पाणी सायफनने बाहेर काढायचा विचार आहे, त्या नळीवर कोणता व्हॉल्व्ह चालेल? पावसात लाईट सारखी जाते, ते धरून सांगा.

नळजोड, रत्नागिरी
व्हॉल्व्ह चांगला आहे, तुमच्याकडे दाब नाही. त्या व्हॉल्व्हची कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते. रबरी पडदा उचलायचं आणि परत घट्ट बसवायचं काम पाण्याचा दाबच करतो. त्याला निदान ०.२ बार, म्हणजे २ मीटर उंचीचं पाणी लागतं. तुमच्याकडे ड्रम काठोकाठ भरला तरी ०.१२ बारच्या पुढे जात नाही. शिवाय तो व्हॉल्व्ह २३० व्होल्टवर चालतो. पाण्याशेजारून तो आधी काढा.

१२ व्होल्टचा मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह घ्या, अर्धा इंची. त्यात भोक असलेला गोळा मोटर फिरवते. शून्य दाबावर चालतो, पूर्ण भोक उघडतं आणि बारीक कचऱ्याने अडत नाही. उघडायला-मिटायला ५ ते १० सेकंद लागतात. साधा प्रकार लाईट गेली की असेल तिथेच थांबतो, अर्धा उघडा असला तर अर्धाच. म्हणून वीज गेल्यावर आपोआप मिटणारा, आत कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असलेला दोन वायरींचा प्रकार मागा. पितळी मात्र नको. पितळेत तांबं असतं, आणि जांभ्यातल्या विहिरीचं मृदू, किंचित आंबट पाणी ते जास्त सोडवतं. मासे तग धरतील, श्रिम्प मरतील. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा स्टेनलेस स्टील बघा.

सुपारीबाग, गुहागर
बॉल व्हॉल्व्हबद्दल थोडं वेगळं मत. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर आतल्या बॉलवर तांबूस थर बसतो आणि दोन-दोन दिवस न हललेला बॉल जाम होतो. तोच घेणार असाल तर ड्रम रिकामा असला तरी रोज एकदा उघड-मीट करवा. मला पिंच व्हॉल्व्ह बरा वाटतो: नळी बाहेरून चिमटतो, पाण्याला धातू लागतच नाही. पण नळी सिलिकॉनचीच आणि व्हॉल्व्हवर लिहिलेल्या मापाचीच हवी. पारदर्शक पीव्हीसी नळी कडक होते, दाबलेली तशीच चपटी राहते. सिलिकॉनसुद्धा महिन्याला इंचभर पुढे सरकवायची, म्हणजे एकाच जागी चीर पडत नाही.

व्हॉल्व्ह कोणताही असो, आधी ठिबकवर लावतात तो जाळीचा फिल्टर बसवा. ड्रममध्ये एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) दिवसभर चालवून नंतर पाणी निवळू द्या, लोह खाली बसतं. नळी तळापासून ५ सेंमी वरून घ्या.

खाडीकाठ, देवगड
बॉल व्हॉल्व्ह घेतो, यूपीव्हीसी. किती वेळ उघडा ठेवायचा? आणि सायफनचं काय?

फ्लोटस्विच, मालवण
वेळेवर विसंबू नका. ड्रम रिकामा होत जातो तशी धार बारीक होते. उंची निम्मी झाली की प्रवाह साधारण ७० टक्क्यांवर येतो. फिल्टर तुंबला की आणखी कमी. भरणं थांबवायचं काम फ्लोट स्विचचं, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या बटणाचं. एकदा १५ लिटर भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, त्याच्या दीडपट वेळ ही फक्त वरची मर्यादा म्हणून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये घाला. फ्लो सेन्सर (वाहतं पाणी मोजणारा) घालायचा मोह होईल, पण नेहमीचा वायएफ-एस२०१ मिनिटाला १ लिटरच्या खाली भरवशाचा नाही.

सायफनच्या नळीवर व्हॉल्व्ह नको. मिटलेल्या नळीच्या वरच्या वळणात हवेचे बुडबुडे साचतात आणि दोन दिवसांनी सायफन तुटलेला असतो. त्याऐवजी १२ व्होल्टचा छोटा पंप घ्या. तुमच्या मापाच्या टाकीत १५ लिटर म्हणजे ३.६ सेंमी उंची. शोषनळीचं तोंड नेहमीच्या पातळीखाली तेवढंच ठेवा. पंप बंद झाल्यावर पाणी सायफनने वाहत राहिलं, तरी तोंड उघडं पडलं की हवा शिरून आपोआप थांबतं.

भरायची नळी पाण्यात बुडवू नका, वरून पडू द्या. टाकीत वर ४ सेंमी जागा मोकळी ठेवा आणि ड्रमचं भोक अशा उंचीवर पाडा की त्याच्या वर १५ लिटरच पाणी राहील. मग व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी पाणी काठाच्या आत राहतं. ड्रम दर वेळी हाताने भरावा लागेल, पण लादीवर पाणी येणार नाही. आठवडाभर घर बंद ठेवायचं असेल तर टाकीलाच ओव्हरफ्लोचं भोक हवं. काच टफन्ड असेल तर त्या वाटेला जाऊ नका, भोक पाडताना चुरा होतो.

प्रोग्रॅम सुरू होताच पहिलं काम: व्हॉल्व्ह मिटवणे, पंप बंद. मग फ्लोट वाचायचा. लाईट आल्यावर पुन्हा उपसणं सुरू करायचं नाही, अर्धवट भरलं असेल तर फक्त भरून घ्यायचं. पंप मॉसफेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विचवरून) चालवत असाल तर त्याला समांतर १एन४००७ डायोड लावा, चंदेरी पट्टी प्लसकडे. उलटा लावला तर शॉर्ट होतो.

खाऱ्या हवेत स्क्रू टर्मिनल सहा महिन्यांत हिरवी पडतात. जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. वायर खोक्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब आत न जाता तिथूनच गळतील. फ्लोटभोवती भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, नाहीतर गोगलगाय चिकटून बसते, फ्लोट उचलत नाही आणि भरणं थांबत नाही.