कॅसेटी-सीड्यांच्या यादीसाठी खरोखर फुकट काही आहे का?

मंडळी, नमस्कार.

घरात कॅसेटी, सीड्या, डीव्हीड्या आणि पुस्तकं मिळून दीडेक हजार नग आहेत. तीच सीडी तिसऱ्यांदा विकत आणली, तेव्हा घरातून हुकूम निघाला: आधी यादी, मग खरेदी. म्हणून 'फ्री' असं ठळक लिहिलेलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि तीन संध्याकाळी बसून कॅसेटी भरल्या. १०१ वी टाकायला गेलो तर खिडकी उघडली, पुढच्या नोंदींसाठी पैसे भरा. बरं, निदान भरलेलं तरी बाहेर काढू म्हटलं, तर एक्स्पोर्टचं बटण करडं. तेही पैसे भरल्यावरच उजळणार! शेवटी स्क्रीनवर बघून शंभर नावं वहीत उतरवली. हसू नका.

माझ्याकडे विंडोज आहे. मुलाचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून पडलेला आहे, तोही चालेल.

---

काका, थोडंसं हसलेच, माफ करा.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. तुम्हाला मिळालं ते फुकट होतं, तेही शंभरापर्यंतच. तुम्हाला हवंय ते मुक्त. उतरवण्याआधी परवाना बघा. 'जीपीएल' लिहिलेलं असेल तर प्रोग्रॅम चालवायची, आतला कोड वाचायची, तो बदलायची आणि पुढे वाटायची मुभा असते. तिथे कुणी शंभरावर अडवणारी खिडकी बसवलीच, तर दुसरा कुणीतरी ती काढून टाकलेली आवृत्ती वाटायला मोकळा असतो. म्हणून सहसा कुणी बसवत नाही.

जुन्या लॅपटॉपवर टेलिको घाला. लिनक्ससाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केडीई गटाचं आहे, जीपीएल. पुस्तकं, चित्रपट, गाणी यांचे साचे तयार मिळतात आणि स्वतःचे रकाने वाढवता येतात. त्याची फाईल म्हणजे आत एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर, असलेली साधी झिप असते. उद्या टेलिको बंद पडलं तरी झिप उघडून तुमची यादी वाचता येईल, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. विंडोजवरच राहायचं असेल तर जीसीस्टार किंवा डेटा क्रो बघा, दोन्ही जीपीएल. डेटा क्रोसाठी 'जावा' नावाचं सॉफ्टवेअर आधी घालावं लागतं. कॅलिबर उत्तम आहे, पण ते मुळात ई-पुस्तकांसाठी. कोडी आणि जेलीफिन तुमच्या कामाचे नाहीत. ते डिस्कवरच्या फाईली लावून देतात, कपाटातल्या कॅसेटी त्यांना दिसत नाहीत.

जेलीफिनचा जन्म मात्र सांगण्यासारखा आहे. २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला, तेव्हा लोकांनी आधीचा खुला कोड उचलून त्यातून हे उभं केलं. परवाना का वाचायचा, ते यावरून कळतं.

माहिती कुठून येते तेही बघा. सीडी घातली की गाण्यांची नावं आपोआप यायची, ती सीडीडीबीतून. लोकांनी स्वतः टाइप करून भरलेला तो साठा पुढे कंपनीच्या मालकीचा झाला. म्युझिकब्रेन्झ हा लोकांनीच भरलेला गाण्यांचा खुला साठा आहे. त्याची मूळ माहिती कुणालाही कशीही वापरता येते, तिथून घ्या. जुन्या मराठी कॅसेटी तिथे सापडतीलच असं नाही. न सापडलेली तुम्ही भरलीत, तर पुढच्याला आयती मिळेल.

आणि कुठलंही निवडा, पण आधी दहाच नोंदी भरा आणि त्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) करून बाहेर काढून बघा. ते जमल्याशिवाय अकरावी नोंद करू नका.

---

मंडळाच्या ग्रंथालयाची माझी चार वर्षं आठवली. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, 'जागा' हा रकाना पहिला हवा: कपाट, कप्पा, क्रमांक. नाव सापडतं, वस्तू सापडत नाही, हेच खरं दुखणं असतं. क्रमांकाची चिठ्ठी डबीवर लावा, सीडीवर नको. कागद एका बाजूला चिकटला की सीडी फिरताना डुगडुगते. जुन्या पुस्तकांना बारकोड नसतो, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांकही नसतो. ती हातानेच भरायची, त्यात कमीपणा नाही.

---

ताई, वहिनी, दोघींचे आभार.

टेलिकोत दहा नोंदी भरल्या. सीएसव्ही निघाली. विंडोजवर एक्सेलमध्ये उघडली तर सगळ्या मराठीचा चुथडा! नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. म्हटलं, गेली पुन्हा मेहनत. पण तीच फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडताना त्याने अक्षरसंच विचारला, यूटीएफ-८ निवडलं आणि अक्षरं जागच्या जागी आली.

एक कोडं मात्र सुटेना. 'ॲल्बम' शोधला की चारच सापडतात. मी नऊ भरलेत, मोजून.

---

काका, तो 'ॲ'चा घोळ. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे अखंड अक्षर, जे युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली आलं. दुसरी तऱ्हा म्हणजे 'अ' टाइप करून त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन निराळे शब्द. तुम्ही चार फोनवरून भरलेत आणि पाच लॅपटॉपवरून, असं काही झालंय का? एक तऱ्हा ठरवा आणि सीएसव्हीत शोधा-बदला करून सगळ्या सारख्या करा.

---

अगदी तसंच झालं होतं. नऊच्या नऊ सापडले.

काल रात्रीपर्यंत २३० नोंदी झाल्या, कुठलीही खिडकी आली नाही. टेलिकोत 'उसने दिलेले' नोंदवायची सोय आहे, ती आज भरायला घेतली. त्यात आपल्या या चर्चागटातल्याच तिघांची नावं आली आहेत. नावं इथे लिहीत नाही, पण तिघांनीही आपापली कपाटं एकदा बघावीत. एकाकडे माझ्या दोन कॅसेटी आहेत आणि वहिनींनी सांगितलेला 'जागा' हा रकाना त्यांच्यासाठी अजून रिकामाच आहे.