ग्रेनोबलहून बाटल्या येणार आहेत: आल्प्सकडच्या पांढऱ्या वाइनपैकी काय मागवावं?

कर्वेरोडकर

भाचा फ्रान्सला, ग्रेनोबलला असतो, मे महिन्यात पुण्याला येतोय. बाटल्या आणायला तयार आहे. बोर्दो-बर्गंडी नको, ती नावं सगळ्यांनाच माहीत आहेत. त्या भागातल्याच, आल्प्सकडच्या पांढऱ्या वाइन हव्यात, ज्या इथे कुणी विचारत नाही पण पैसे वसूल करतात. बजेट तिथल्या भावाने बाटलीला १० ते १८ युरो. फॉन्ड्यू वगैरे करणार नाही, घरचं जेवण असेल: कोथिंबीर वडी, सुरमई फ्राय, भरली वांगी, आमटी-भात. द्राक्ष कोणतं, लेबलवर काय बघायचं आणि पुण्यात पोचेपर्यंत वाट लागू नये म्हणून काय करायचं, एवढं जाणकारांनी सांगावं.

द्राक्षवेल

भाच्याला फार हिंडावं लागणार नाही. ग्रेनोबलहून शाँबेरी ५५-६० किलोमीटर, आणि शाँबेरी यायच्या आधीच सावुआचे, म्हणजे आल्प्सच्या कुशीतल्या त्या प्रदेशाचे, द्राक्षमळे सुरू होतात. अख्ख्या सावुआत मिळून लागवड साधारण २,००० हेक्टर. त्यातली बरीच वाइन तिथेच, स्कीइंगला आलेल्या लोकांच्या टेबलावर संपते, म्हणून बाहेर नाव नाही आणि भावही चढलेले नाहीत. यात एक गोम आहे. गिऱ्हाईक दारात येतंच म्हटल्यावर काही जण वेलीवर भरमसाट घड ठेवतात आणि वाइन पाणचट निघते. ‘सावुआ म्हणजे पाणीदार’ ही ओरड तिथूनच आली. त्यामुळे सुपरमार्केटात बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेली सगळ्यात स्वस्त बाटली दिसली तर तिथेच राहू द्यावी.

या भागाचं मुख्य द्राक्ष झाकेर, जवळपास निम्मी लागवड त्याचीच. लेबलवर आप्रमों किंवा आबीम दिसलं की आत झाकेर समजा. हे मळे मों ग्रानिए या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. १२४८ साली नोव्हेंबरात त्याचा कडा कोसळला, खालची गावं गाडली गेली, आणि आजच्या वेली त्या चुनखडीच्या राडारोड्यातच उभ्या आहेत. वाइन हलकी, अल्कोहोल ११-१२ टक्क्यांच्या आसपास, वास लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा, शेवटी जिभेवर खडूसारखी कोरडी चव. भाव ७ ते १२ युरो. एक-दोन वर्षांत प्यायची, ठेवून काही मिळत नाही.

तुमच्या बजेटात मात्र झाकेरवर थांबू नका. रुसेत द सावुआ घ्या. हे वेगळं अपेलासियों (कायद्याने ठरवलेलं वाइनचं प्रदेशनाव) आहे आणि त्यात फक्त आल्तेस हे द्राक्ष चालतं. नुसतं रुसेत द सावुआ लिहिलेली बाटली १० ते १५ युरोला मिळते. पुढे फ्राँजी, मारेस्तेल, मोंथू किंवा मोंतेर्मिनो यांपैकी नाव असेल तर ती त्या ठरावीक उतारावरची. मला या चौघांत मारेस्तेल उजवी वाटते. जोंजिय गावाच्या वरचा उभा उतार आहे तो, फळ छान पिकतं पण आंबटपणा टिकून राहतो. ताजी असताना बर्गामोट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि बदाम, चार-पाच वर्षांनी मध आणि सुकामेवा. द्युपास्किए या वाइनवाल्यांची मारेस्तेल मिळाली तर सोडू नका, भले बजेटच्या दोन युरो वर गेली तरी. बर्गंडीत त्या पैशांत या तोडीचं काही हाती लागणार नाही.

तिसरी शिन्यँ-बेर्जरों. इथे लोक हमखास फसतात. रुसेत आणि रुसान ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रुसेत म्हणजे आल्तेस. रुसान हे ऱ्होन खोऱ्यातलं द्राक्ष, त्यालाच शिन्यँ गावात बेर्जरों म्हणतात. लेबलवर नुसतं ‘शिन्यँ’ असेल तर आत झाकेर, ‘शिन्यँ-बेर्जरों’ असेल तर रुसान, आणि दोघांच्या भावात चांगलाच फरक. त्या गावात क्वेनार आडनावाचे वाइनवाले इतके आहेत की आडनावावरून काहीच कळत नाही. पहिलं नाव वाचायचं. आंद्रे ए मिशेल क्वेनार हे त्यांतलं भरवशाचं.

आणि बाटलीवर ‘मीज आँ बुतेय ओ दोमेन’ आहे का बघा, म्हणजे ज्याची द्राक्षं त्यानेच बाटलीत भरली. ‘आ ला प्रोप्रिएते’ लिहिलेली सहकारी संस्थेचीही असू शकते. ती वाईटच असते असं नाही, पण खात्री कमी.

झणझणीत

रुसेतला +१. शिन्यँ-बेर्जरों मात्र या जेवणाला मी सुचवणार नाही. उबदार उतारावरचं फळ, अल्कोहोल १३ टक्क्यांच्या पुढेही जातं, अंगाने जाडसर आणि आंबटपणा कमी. मिरचीबरोबर अल्कोहोल जितकं जास्त तितका जाळ वाढतो. त्यातून ती लाकडी पिंपात ठेवलेली असेल तर मसाल्यापुढे कडवट लागते. चिकन मलई टिक्का किंवा काजूच्या ग्रेव्हीतलं पनीर असतं तर हरकत नव्हती.

कोथिंबीर वडीला आप्रमों. तळणीचं तेल कापायला आंबट आणि हलकं काहीतरी लागतं, लिंबाची फोड पिळावी तसं काम ती करते. रवा लावून तळलेल्या सुरमईला मारेस्तेल किंवा फ्राँजी. एक पथ्य पाळा: माशाला कोकमाचं आगळ किंवा चिंच लावणार असाल तर हात आखडता घ्या. ताट वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन बेचव लागते.

खरी पंचाईत भरली वांगी आणि आमटीची. दोन्हींत गूळ. गोड घासानंतर कोरडी (साखर न उरलेली) वाइन आहे त्याहून आंबट आणि पातळ लागते, मग ती ८ युरोची असो की ४० ची. यावर उपाय ग्रेनोबलच्या दक्षिणेलाच आहे: क्लेरेत द दी. व्हेर्कोरच्या डोंगरांपलीकडे द्रोम खोऱ्यात होते, मुख्यतः मस्कत द्राक्षाची, फसफसणारी, गोडसर, अल्कोहोल फक्त ७ ते ९ टक्के. पारंपरिक पद्धतीत आंबवण अर्ध्यावर असतानाच बाटलीत भरतात, म्हणून द्राक्षाचीच साखर शिल्लक राहते, वरून घालत नाहीत. १० युरोच्या आत-बाहेर मिळते. बाटलीवर ‘ब्र्यूत’ लिहिलेलं नको. दी गावचीच पण कोरडी फसफसणारी वाइनही बनते आणि घाईत तीच उचलली जाते.

आमटी-भातावर मात्र ताकच बरं.

कर्वेरोडकर

दोघांचेही आभार, हे कामाचं आहे. आणखी तीन शंका. भाचा एकटाच येतोय, किती बाटल्या आणता येतील? मारेस्तेल कोणत्या सालची घ्यायची? आणि इथे दिवाळीपर्यंत ठेवायच्या तर माळ्यावर चालतील का? जागा तिथेच आहे.

सामानसुमान

माळ्यावर अजिबात नको. स्लॅबखालची ती जागा मे महिन्यात रात्रीही तापलेली असते. उष्णतेने वाइन फुगते, बूच वर सरकतं, हवा आत जाते, आणि दिवाळीला उघडाल तेव्हा रंग पिवळाजर्द आणि वास जून सफरचंदाचा. बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आडव्या. फ्रिजची हवा कोरडी असल्यामुळे वर्षानुवर्षं ठेवायला ती जागा बरी नाही, पण पाच-सहा महिने बिनघोर निघतात. झाकण फिरकीचं असेल तर तोही प्रश्न नाही.

बाटल्यांचा हिशोब: बाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, त्यात वाइनही धरतात. ७५० मिलीच्या दोन म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे हद्द ओलांडली. ३७५ मिलीची अर्धी बाटली मात्र बसते, एकूण १.८७५ लिटर. कुटुंब बरोबर असलं तरी सवलत माणसामागे मोजतात, एकाची दुसऱ्याच्या नावावर वळवता येत नाही. हद्दीबाहेरच्या बाटलीचा भाव बघून घ्या: १५० टक्के शुल्काने ८ युरोची बाटली कस्टममध्येच २० ची होते. आयात केलेली स्वस्त वाइन इथे स्वस्त का राहत नाही, त्याचं उत्तर यातच आहे. बिल जवळ ठेवायला सांगा. आपल्या राज्यात घरी ठेवायला-प्यायला परमिट लागतं, तेही काढलेलं असू द्या.

बाटल्या चेक-इन बॅगेतच. एका भरलेल्या बाटलीचं वजन सव्वा किलोच्या आसपास, फसफसणारीची काच जाड असल्याने दीड किलोच्या वर. प्रत्येक बाटली जाड प्लास्टिक पिशवीत बंद करून जीन्समध्ये गुंडाळायची आणि बॅगेच्या मधोमध ठेवायची. चाकांच्या बाजूला किंवा कडेला नको, आपटते तीच जागा. विमानतळावर ड्युटी फ्रीमधून घेतल्या आणि दुबई-दोह्याला विमान बदललं, तर सील केलेली पिशवी तिथे फोडायची नाही. सील तुटलं की तपासणीत बाटली काढून घेतात.

मुंबईहून पुण्याला येताना मात्र बॅग डिकीत ठेवून एक्सप्रेसवेच्या फूडमॉलवर तासभर थांबू नका. मे महिन्यात उन्हात बंद गाडी पन्नाशी गाठते. सात हजार किलोमीटर नीट आलेली बाटली शेवटच्या दीडशेत मरते. आतल्या सीटवर, एसीत.

द्राक्षवेल

सालाचं सांगायचं राहिलं. आप्रमों ताज्यात ताजी, म्हणजे गेल्या सालची. मारेस्तेल तीन ते पाच वर्षं जुनी मिळाली तर उत्तम. आल्तेस पहिल्या वर्षी जरा अबोल असते, चव बंद-बंद लागते आणि लोक उगाच नाराज होतात. दोनच बाटल्या बसत असतील तर माझी निवड एक मारेस्तेल, एक क्लेरेत द दी, आणि अर्धी बाटली आप्रमोंची. वडीला तेवढी पुरते.

दुकानात सेसेलही दिसेल. १९४२ सालापासूनचं, या भागातलं सगळ्यात जुनं अपेलासियों. मुख्यतः आल्तेसची, जरा नाजूक, मारेस्तेल नसेल तर चालेल. लेक जिनिव्हाच्या काठच्या रिपाय, क्रेपी या शासला द्राक्षाच्या. छान आहेत पण इतक्या सौम्य की सुरमईपुढे गायब होतील. दुकानदाराने झ्युराची बाटली पुढे केली तर विचारून घ्या. झ्युरा ही वेगळी डोंगररांग, आल्प्स नव्हे. तिथल्या साव्हान्यँ द्राक्षाच्या काही वाइन पिंपात मुद्दाम हवेशी, यीस्टच्या थराखाली ठेवतात, त्यांना अक्रोड आणि करी पावडरसारखा वास येतो. ज्यांना माहीत नाही ते खराब झाली म्हणून ओतून देतात.

झणझणीत

आणखी दोन गोष्टींनी लोक घाबरतात. बाटलीच्या तळाला किंवा बुचाला साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, फ्रिजच्या थंडीने खाली बसतात. निरुपद्रवी, शेवटचा घोट ग्लासात ओतू नका म्हणजे झालं. आप्रमों पिताना जिभेवर बारीक चुरचुर जाणवली तर तीही बिघाड नव्हे, ताजेपणासाठी थोडा वायू मुद्दाम राखलेला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजल्या गोणपाटाचा वास आला तर मात्र बूच खराब, ती बाटली गेली.

गारवा: आप्रमों आणि क्लेरेत ८ अंशांना, मारेस्तेल ११-१२ ला. फ्रिज ४-५ अंशांवर असतो, म्हणून मारेस्तेल जेवणाच्या १५ मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर वास कळणारच नाही. पुण्याच्या मे महिन्यात खोली तिशीच्या वर असते, तेव्हा एका वेळी १०० मिलीपेक्षा जास्त ओतू नका, बाटली परत फ्रिजमध्ये. ऐनवेळी गार करायची असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ, २० मिनिटं. नुसत्या बर्फात दुप्पट वेळ जातो, कारण बर्फाचे तुकडे काचेला मोजक्याच ठिकाणी टेकतात. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस चालते. क्लेरेत त्याच दिवशी संपवा.