५०२ बॅड गेटवे सारखं येऊलालंय, कुठलं व्हीपीएस (भाड्याचं सर्व्हर मशीन) घेऊ? (बजेट महिना ६००)

उद्यमबाग_बिलिंग: नमस्कार मंडळी. इथल्या एका फौंड्रीला चलन-बिलाचं ॲप करून दिलंय. पुढं एनजिनएक्स (लोकांची मागणी घेऊन मागं पाठवणारा वेब सर्व्हर), मागं टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा) पोर्ट ८०८० वर, डेटाबेस मायएसक्यूएल पण त्याच मशीनवर, उबुंटू, रॅम १ जीबी. दिवसातनं एकदा तरी ५०२ (पुढच्याला मागच्याकडनं धड उत्तर नाही) येतं, टॉमकॅट रिस्टार्ट केला की चालू. महिनाअखेरचा रिपोर्ट काढला की बरोब्बर एका मिनिटात ५०४ (वाट बघून वेळ संपला). मालक फोन करून डोकं खाऊलालाय. ६०० च्या वर एक रुपया देणार नाही तो.

टिळकवाडी_टू_पुणे: ८ जीबी घे, विषय संपला. आमच्या टीमला महिन्याला ४ हजार पडतात खरं दोन वर्षांत ५०२ बघितलं नाही.

चिकोडी_लिनक्स: एसईलिनक्स (लिनक्सचं सुरक्षा कुलूप) बघा पहिला. माझ्या तीन रात्री गेल्या त्यात, पुढचा सर्व्हर मागच्याला हात लावायलाच देत नव्हता, लॉगमध्ये '१३ परमिशन डिनाइड'.

खानापूरची_ताई: अहो उबुंटू म्हणालेत ते, तिथं एसईलिनक्स मुळात चालू नसतं. आणि परवानगीच नसती तर एकदा पण चाललं नसतं. एनजिनएक्सचा एरर लॉग बघा की आधी. '१११ कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर ८०८० वर ऐकायला कोण नाही, टॉमकॅट पडलाय. '११० टाइम्ड आउट' असेल तर जिवंत आहे, उत्तर द्यायला वेळ लावतोय. तुमचं ५०४ ह्या दुसऱ्यातलं, एनजिनएक्स आपण सांगितलं नाही तर ६० सेकंदच थांबतो.

निपाणी_नोड: एनजिनएक्समध्ये मागच्याचा पत्ता लोकलहोस्ट लिहिलायस काय? १२७.०.०.१ लिही. लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता पण निघतो आणि मागचा तिथं नसतोय, माझं झालेलं.

खानापूरची_ताई: टॉमकॅट आयपीव्ही४, आयपीव्ही६ दोन्हीकडं ऐकतो.

निपाणी_नोड: लिहायला काय पैसे पडतात काय?

जुना_जावावाला: ८०८० सोडा, अपाचे (दुसरा वेब सर्व्हर) पुढं ठेवून ८००९ वर एजेपी (टॉमकॅटशी बोलायची दुसरी पद्धत) लावा. आमचं अजून तसंच आहे, मस्त.

खानापूरची_ताई: २०२० ला घोस्टकॅट (एजेपीतलं सुरक्षेचं भोक) निघाल्यापासनं टॉमकॅट एजेपी बंदच ठेवून देतोय. एनजिनएक्सला तर ते येत पण नाही.

जुना_जावावाला: म्हणून तर अपाचे म्हणालो. हल्ली कोण पूर्ण वाचतच नाही.

उद्यमबाग_बिलिंग: लॉग बघितला, १११ च आहे. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' आणि पुढं जावा. एक्सएमएक्स (जावाची मेमरी मर्यादा) मीच ९०० एमबी दिलेलं 🙈

खानापूरची_ताई: १ जीबीतले ९०० जावाला, मग मायएसक्यूएल बसणार कुठं? मेमरी संपली की कर्नल जो जास्त खातोय त्यालाच मारतो. ४०० करा, १ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) घाला, रिपोर्टपुरता एनजिनएक्सचा रीड टाइमआउट ३०० सेकंद करा. नवीन मशीन कशाला?

टिळकवाडी_टू_पुणे: मेमरीच निघाली ना शेवटी? ८ जीबी मी पहिल्यांदाच म्हणालेलो.

चिकोडी_लिनक्स: उबुंटूत एसईलिनक्ससारखंच ॲपआर्मर असतंय, ते पण बघून घे.

उद्यमबाग_बिलिंग: सगळ्यांचे आभार. टाइमआउट तेवढा ३०० केला. ९०० ला हात लावला नाही, मागं एकदा कमी केलेलं तर रिपोर्टच निघाला नव्हता. रोज दुपारी दीडला टॉमकॅट रिस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलाय, तेव्हा सगळे जेवायला बसलेले असतात. मालकाचे ६०० पण वाचले.

खानापूरची_ताई: आणि पाचला पडला तर?

उद्यमबाग_बिलिंग: पाचला फौंड्री सुटते की ओ.