अरबीतला ऐन घशातनं काढायचा कसा?

पेठेतला_गडी:
नमस्कार मंडळी, मूळचा कोल्हापूर मंगळवार पेठ, दोन महिने झाले मस्कतला कामावर रुजू होऊन. अरबी थोडी थोडी कळाय लागलीय पण एका अक्षरानं वैताग आणलाय, ऐन. इथला स्टोअरकीपर अली, त्याला हाक मारली की हसतोय आणि म्हणतोय, 'असं नाही', मग घशातनं कायतर करून दाखवतो, मला तर घास अडकल्यासारखंच ऐकू येतंय. ओमान पण ऐननंच सुरू होतं म्हणे, म्हणजे राहतोय त्या देशाचं नाव पण घेता येईना! आणि व्हॉट्सॅपवर ही पोरं इंग्रजी अक्षरात अरबी लिहितात त्यात मधेच ३ आकडा असतोय, ते पण हेच काय?

बागल_चौक:
हो तेच. अक्षर दिसतंय आरशात बघितलेल्या इंग्रजी तीनसारखं, म्हणून ३. लहानपणी कुराण शिकताना मौलाना घशाचे तीन मजले सांगायचे, तळाला हमजा, म्हणजे साधा अ, आणि साधा ह, मधे ऐन आणि मोठा ह, वर तोंडाकडं खे आणि गैन. तू अ म्हणतोयस तो तळातनं येतोय. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतोस ना हाऽऽ करून, तसं कर पण घसा मधे आवळून, तो झाला मोठा ह. आता तसाच आवळलेला ठेवून आवाज दे, गळ्यावर बोटं ठेवलीस तर थरथर लागंल. हवा तोडायची नाही, बहुतेक तिथंच चुकतोयस. बाकी खरं सांगू, आम्ही पण घरात अलीला साधं अलीच म्हणतो, ऐन फक्त कुराण पढताना.

पेठेतला_गडी:
मग साधा अ चालतोय की!

जुनी_बखर:
तिथं नाही चालत भावा. साध्या अ नं अमल म्हणजे आशा, ऐननं अमल म्हणजे काम, आपला अंमल त्यातलाच. अलम साधा असला तर वेदना, ऐनवाला झेंडा. साहेबाला काय सांगायला जाशील आणि काय ऐकू जाईल.

आणि मराठीत ऐनवाले शब्द ढिगानं आहेत पण तो आवाज एकातबी नाही. अर्ज, अक्कल, इमारत, सुरुवातीचा सरळ गायब. मधला मात्र जाताना मागच्या अ ला लांब करून गेलाय. घोड्याची नाल मुळात नअ्ल, दावा म्हणजे दअ्वा, आणि आपली तालीम म्हणजे तअ्लीम, अर्थ शिक्षण. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील तालीम का खंडोबा तालीम म्हणून बोंबलतोस ना, त्या तालमीच्या कान्यात ऐन बसलाय. तू वर 'रुजू' लिहिलंयस, त्याच्या शेवटाला पण होता.

पेठेतला_गडी:
आयला, तालीम!! आत्ता रूमवर घसा आवळून 'तअ्लीम तअ्लीम' करत बसलो होतो तर रूममेट पाण्याची बाटली घेऊन पळत आला.