मुलांबरोबर पालकांनीही शिकायचे असेल तर : कराटे, ज्युदो की तायक्वांदो?

कुर्टीकर

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ कुर्टी येथे राहतो. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे. मी स्वतः बेचाळिशीचा असून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये नोकरी करतो. दोन्ही मुलांना कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो यांपैकी काहीतरी शिकवावे आणि जमल्यास त्यांच्याबरोबर मीही शिकावे, असा विचार आहे. घराजवळच्या एका सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी कराटेचा वर्ग चालतो. तेथील सरांनी दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी दिल्यामुळे घरची मंडळी खूश आहेत, मी मात्र साशंक झालो आहे. सात वर्षांच्या मुलासाठी हे वय योग्य आहे का, तिन्हींपैकी कोणता प्रकार निवडावा, आणि जिना उतरताना ज्याचा गुडघा दुखतो अशा माणसाने या फंदात पडावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना ज्युदोपटू, म्हापसा

कुर्टीकर, आपण प्रकाराची निवड आधी करू पाहत आहात. माझ्या मते आधी शिक्षक पाहावेत आणि त्यांच्या पायाखालची जमीन पाहावी. ज्या सभागृहात मुलांना नुसत्या फरशीवर पाडले जाते तेथून, शिक्षकांकडे कितीही पदके असली तरी, परत फिरावे. काता (ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) आणि मूलभूत ठोशांचा सराव फरशीवर चालतो. पण पाय झाडून पाडण्याचा किंवा उचलून टाकण्याचा एकही डाव मॅटशिवाय शिकवता कामा नये. मॅट असली तरी तिच्या तुकड्यांमधील सांधे उघडे पडलेले नाहीत ना, हे वाकून पाहावे, कारण पायाची बोटे अडकून दुखावतात ती तेथेच.

सात वर्षे हे वय लहान नाही. मात्र त्या वयात शिकवायचे ते वेगळे असते. तोल सांभाळणे, कोलांट्या, पकडापकडी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडायला शिकणे. हनुवटी छातीशी टेकवून डोके जमिनीपासून वर ठेवायचे आणि हात मागे टेकण्याऐवजी संपूर्ण बाहू तळव्यासह बाजूला आपटून धक्का पसरवायचा, हे एकदा अंगात मुरले की ते जन्मभर उपयोगी पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात तर त्याचा प्रत्यय दरवर्षी येतो. पडताना मागे टेकलेला हात म्हणजे मनगटाच्या अस्थिभंगाला आमंत्रण, आणि हे आपल्या वयाच्या माणसांना मुलांपेक्षा अधिक लागू आहे. गळा आवळणे किंवा कोपर उलटे वाकवणे असले डाव एवढ्या लहान मुलांना शिकवले जात असतील, तर तो वर्ग सोडावा.

आता गुडघ्याविषयी. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, हे ओघाने आलेच. त्यांनी परवानगी दिली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. कराटे आणि तायक्वांदोमधील वळसा घालून मारायच्या लाथेत जो पाय जमिनीवर असतो त्याची टाच लक्ष्याच्या दिशेने वळली पाहिजे. नवशिके कंबर फिरवतात, पण पाऊल जागेवरच रोवून ठेवतात. मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चिकट मॅटवर आणि घामेजल्या तळव्यांनी हे हमखास घडते. म्हणून पहिले काही महिने लाथ मांडीच्या उंचीवरच ठेवावी, आणि डोक्यापर्यंत पाय पोहोचत नाही याची खंत बाळगू नये. ज्युदोत लाथा नसतात. परंतु पाडताना जोडीदाराचे वजन गुडघ्यावर येऊ शकते, त्यामुळे तेथे वजनाने आणि स्वभावानेही जुळणारा जोडीदार मिळणे महत्त्वाचे.

ब्लॅक बेल्टच्या हमीविषयी आपली शंका रास्त आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदोची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन ज्येष्ठ शिष्यांना पहिली दान श्रेणी (म्हणजे आजच्या काळ्या पट्ट्याची पायरी) दिली. मधले रंगीबेरंगी पट्टे पुढे युरोपात रुळले. शिष्याची मजल दाखवण्यासाठी ही व्यवस्था होती, आगाऊ विकण्यासाठी नव्हती. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रौढांची दान श्रेणी न देता पूम ही वेगळी श्रेणी देतात, यावरून मुलांच्या काळ्या पट्ट्याकडे कसे पाहावे हे समजेल. प्रत्येक रंगाच्या परीक्षेचे शुल्क, वार्षिक सभासदत्व, ड्रेस आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क हे सारे मासिक फीव्यतिरिक्त किती होईल, ते पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्यावे. जे शिक्षक हा हिशेब सांगायला टाळाटाळ करतात त्यांच्याकडे मुलांना पाठवू नये.

मडगावची आई

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. बारा वर्षांच्या मुलीची आई म्हणून थोडी भर घालते. ज्युदोत किंवा कराटेच्या जोडीच्या सरावात शरीराचा स्पर्श अटळ आहे. त्यामुळे पकड कशी असेल आणि मुलीला नको असल्यास तिने कसे थांबवायचे, हे शिक्षकांनी सर्वांसमोर सांगायला हवे. पालकांना दाराशी बसून वर्ग पाहू देत नाहीत अशा ठिकाणी मुलीला किंवा मुलाला पाठवू नये. गोव्यात 2003 पासून मुलांच्या संरक्षणाचा स्वतंत्र राज्य कायदा आहे. जबाबदार शिक्षकांना असे प्रश्न खटकत नाहीत.

क्रीडागुणांसाठी वर्ग लावणार असाल, तर कोणत्या संघटनेच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, हे शाळेच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांना विचारून मगच पैसे भरावेत. भिंतीवर टांगलेली सगळीच प्रमाणपत्रे तेथे चालत नाहीत. मुलीला पुढे स्पर्धेत उतरायचे असल्यास हेही लक्षात घ्यावे की ज्युदो 1972 पासून सलग आणि तायक्वांदो 2000 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, तर कराटेचा समावेश केवळ टोकियोच्या स्पर्धेत झाला होता.

शांतादुर्गेचा शेजारी

माझे मत थोडे वेगळे आहे. मुलींना स्वसंरक्षण यावे म्हणून हे वर्ग लावले जातात, पण काता पाठ झाली म्हणजे स्वसंरक्षण आले, असे कोणी समजू नये. प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर बेताचा सराव होत नसेल, तर तो व्यायाम उत्तम, पण व्यायामच. आवाज चढवणे, अंतर ठेवणे आणि पळून जाणे हे कोणत्याही लाथेच्या आधी शिकवायला हवे. आणि परदेशी नावांच्याच मागे का लागायचे? गोव्यात 2023 साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब आणि गतका (पंजाबातील काठीचा मर्दानी खेळ) हेही खेळ होते. मल्लखांबाने सात वर्षांच्या मुलाची पकड आणि पाठ जशी तयार होईल, तशी दुसऱ्या कशानेच होणार नाही.

कुर्टीकर

सर्वांचे आभार. सभागृहात जाऊन पाहिले. मॅट नाही आणि फीचा तपशील विचारताच विषय बदलण्यात आला, त्यामुळे तो विचार सोडला आहे. फोंड्यातच ज्युदोचा एक वर्ग आहे, तेथे मॅट आहे आणि पालकांना बसूही देतात. अडचण एकच : माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात सराव करावा का?

जुना ज्युदोपटू, म्हापसा

रात्रपाळीच्या आठवड्यात जोडीदाराबरोबरचा सराव टाळावा. झोप अपुरी असली की हात वेळेवर आपटला जात नाही आणि थकलेला माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यालाही दुखावतो. त्या आठवड्यात मुलांना सोडायला जा, कडेला बसून पाहा, आणि घरी मांड्यांचा व पोटाचा हलका व्यायाम करा. शिक्षकांना पहिल्याच दिवशी पाळ्यांचे वेळापत्रक द्यावे, म्हणजे त्या सत्रांसाठी आपल्या जोडीदाराची सोय ते करतील.

शांतादुर्गेच्या शेजाऱ्यांशी माझे मल्लखांबाविषयी दुमत नाही. फक्त तो बेचाळिसाव्या वर्षी सुरू करायचा नाही.

ड्रेस घेताना प्रत्येकी दोन घ्यावेत. ज्युदोचे जाड कापड आषाढ-श्रावणात वाळत नाही आणि दमट कापडामुळे नायटा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. सरावानंतर लगेच आंघोळ करावी, नखे कापलेली असावीत, आणि अंगावर खाजरा चट्टा दिसल्यास तो बरा होईपर्यंत मॅटवर उतरू नये. मुलांनाही उतरवू नये.